पालेभाजी धुतली, पण निथळायची कशी?

धुतलेल्या भाजीतले पाणी गरगर फिरवून काढून टाकणारा सॅलड स्पिनर आता आपल्याकडच्या दुकानांतूनही दिसतो. तो घ्यावा का? घ्यायचा तर कोणता? आणि घेतल्यावर तो माळ्यावर धूळ खात पडू नये म्हणून काय करावे?

रविवारची सकाळ. मंडईतून कोथिंबिरीच्या दोन टपोऱ्या जुड्या घरी आलेल्या. मुलांनी कोथिंबीर वडीची फर्माईश केलेली. कोथिंबीर निवडली, धुतली, चाळणीत उपसून ठेवली, पण पाहुणे यायची वेळ झाली म्हणून तशीच चिरायला घेतली. पीठ कालवले तर ते सैल झाले. मग आणखी एक वाटी बेसन, तरीही हाताला चिकटतेच म्हणून आणखी अर्धी वाटी. ताटात आली तेव्हा ती कोथिंबीर वडी राहिलीच नव्हती, नुसती बेसनाची वडी झाली होती. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "कोथिंबीर नीट निथळली नव्हती वाटतं."

उरलेली दुसरी जुडीही ओलीच डब्यात भरून फ्रीजमध्ये गेली. बुधवारी डबा उघडला तेव्हा तळाशी काळपट चिखल आणि वर कुबट वास! पैसे गेले, निवडण्याचे श्रम गेले आणि आमटीवर भुरभुरायला चिमूटभर कोथिंबीरही उरली नाही.

हे दृश्य पुण्यात घडो, इंदूरला घडो की बेंगळुरूच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, त्याचे मूळ एकच आहे. पालेभाजी धुवावी हे प्रत्येकीला ठाऊक असते, पण धुतल्यानंतर पानांवर राहिलेल्या पाण्याचा विचार फारसा होत नाही.

पाणी नेमके काय बिघडवते?

पानांवर राहिलेले पाणी स्वयंपाकात तीन ठिकाणी नडते.

पहिले ठिकाण म्हणजे कालवणे. वडीचे किंवा ठेपल्याचे पीठ असो, पानांबरोबर आलेले पाणी ते सैल करते आणि पिठाचे प्रमाण चुकवते. पालकाच्या ओल्या पानावर भज्यांचे पीठ धरत नाही, ते कढईत सुटून वेगळे तरंगते.

दुसरे ठिकाण म्हणजे तेल. गरम तेलात पाण्याचा थेंब पडला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ तेल उडवते. ओल्या कढीपत्त्याची फोडणी हातावर उडाली नाही अशी गृहिणी सापडणे कठीणच! कच्च्या कोशिंबिरीतही हाच प्रश्न येतो. मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा करताना वरून घातलेले तेल आणि दाण्याचे कूट ओल्या पानाला चिकटतच नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे सगळी चव वाडग्याच्या तळाशी जाऊन बसते.

तिसरे ठिकाण म्हणजे साठवण. पान नासवणाऱ्या जीवाणूंना आणि बुरशीला ओलावा हवाच असतो. बंद डब्यात पानाला पान चिकटून ओले राहिले की कुजणे सुरू होते, आणि एक पान कुजले की शेजारच्या पानाला वेळ लागत नाही.

रोवळी, पंचा आणि गोफण

आपल्या आयाआज्यांना हे सारे ठाऊक होते. धुतलेले तांदूळ आणि भाजी निथळायला बांबूची रोवळी असे. मेथी धुऊन जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर किंवा पंचावर पसरली जाई आणि दुपारची निजानीज होईपर्यंत ती सुकून जाई. पद्धत उत्तम होती, पण तिला दोन गोष्टी लागत: मोकळी जागा आणि मोकळा वेळ. सकाळी साडेसातला डबे भरायचे असतील आणि ओट्यावर परातीपुरतीही जागा नसेल, तर पंचा पसरायचा कुठे?

फ्रान्समधल्या गृहिणींपुढेही असाच प्रश्न होता. तिकडे जेवणात कच्ची सॅलडची पाने रोज लागतात. धुतलेली पाने तारेच्या टोपलीत भरायची, दाराबाहेर किंवा अंगणात जायचे आणि ती टोपली हाताने जोरजोरात फिरवायची, अशी तिथली जुनी रीत. शेतातली पाखरे हाकलताना आपल्याकडे गोफण फिरवतात ना, थेट तसेच! या टोपलीला फ्रेंचमध्ये 'सॅलडची टोपली' असे नाव आहे, आणि गंमत म्हणजे तिथे कैद्यांना नेणाऱ्या पोलिसांच्या गाडीलाही बोलीभाषेत हेच नाव आहे.

पण शहरातल्या फ्लॅटमध्ये टोपली गरगर फिरवली तर भिंती आणि माणसे दोन्ही भिजायची. यावर तोड म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आजच्या सॅलड स्पिनरची रचना पुढे आली. टोपली बंद भांड्यातच फिरवायची, म्हणजे उडालेले पाणी त्या भांड्यातच राहील.

आत काय घडते?

स्पिनरचे तीन भाग असतात. बाहेरचे भांडे, आतली भोकाभोकांची टोपली आणि टोपली फिरवणारे झाकण. टोपली फिरली की पाने कडेला जाऊन टेकतात, कारण टोपलीची भिंत त्यांना अडवते. पाण्याला मात्र भोकांतून वाट मिळते आणि ते बाहेर फेकले जाते. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपड्यांचे जे होते, तेच इथे पानांचे होते.

हा जोर किती असतो याचा साधा हिशेब मांडता येतो. टोपलीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर 10 सेंटिमीटर असेल आणि ती मिनिटाला 600 फेऱ्यांच्या वेगाने फिरत असेल, तर कडेच्या पाण्यावर पडणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 40 पट होते. चाळणीत ठेवलेल्या भाजीतले पाणी केवळ स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. इथे ते चाळीसपट जोराने ओढले जाते. म्हणूनच चाळणीत तासभर ठेवूनही जे पाणी पानांच्या सुरकुत्यांत अडकून राहते, ते इथे अर्ध्या मिनिटात निघते.

हे साधे भांडे स्वयंपाकघराबाहेरही कामी आले आहे. 2010 मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी सॅलड स्पिनरमध्ये थोडे फेरफार करून रक्ततपासणीचे यंत्र तयार केले. वीज नसलेल्या गावात ॲनिमियाची तपासणी करता यावी हा त्यामागचा हेतू. हाताने दहा मिनिटे फिरवले की बारीक नळ्यांतल्या रक्तातील तांबड्या पेशी वेगळ्या होत. रक्त वेगळे करणाऱ्या यंत्राला मेथी जड जाईल का?

आधी हे लक्षात घ्या: स्पिनर भाजी स्वच्छ करत नाही

इथे अनेकींची गल्लत होते. स्पिनर पाणी काढतो, घाण काढत नाही. भाजी आधी नीट धुतलेली नसेल, तर गरगर फिरवून ती फक्त कोरडी होईल, स्वच्छ नव्हे.

आपल्याकडे हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. 'कोबीतला किडा डोक्यात जातो' ही भीती घरोघरी ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते वेगळे आहे. कोबीत दिसणारी हिरवी अळी डोक्यात जात नाही. खरा दोषी आहे टीनिया सोलियम हा पट्टकृमी. नीट न शिजवलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो आणि त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. उघड्यावरचा शौच किंवा सांडपाणी शेतात गेले की ती अंडी भाजीच्या पानांना चिकटतात. अशी पाने कच्ची खाल्ली, तर अंड्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात आणि फिट्स येऊ शकतात. म्हणजे जन्मभर शुद्ध शाकाहारी राहिलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. टायफॉइड, आमांश आणि जंतही अशाच वाटेने घरात शिरतात.

म्हणून कच्ची खायची पालेभाजी अशी धुवावी:

१. आधी स्वतःचे हात साबणाने निदान वीस सेकंद धुवा. जुडीची मुळे कापून टाका, किडकी आणि पिवळी पाने काढा. कोबी किंवा लेट्यूस असेल तर बाहेरची दोन-तीन पाने टाकून द्या आणि उरलेली पाने सुटी करा.

२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने त्यात बुडवा आणि हाताने हलवा. दोन मिनिटे थांबा, म्हणजे माती तळाशी बसेल.

३. आता महत्त्वाचे! पातेले चाळणीवर उपडे करू नका. तसे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच पडते. पाने दोन्ही हातांनी वरच्या वर उचलून घ्या आणि मग पाणी ओता.

४. पातेल्याच्या तळाला बोट फिरवल्यावर रेती लागेनाशी होईपर्यंत पाणी बदला. मेथी, पालक आणि शेपूला बहुधा तीन पाणी लागतात. शेवटी वाहत्या, पिण्याच्या पाण्याखाली पाने धुवा.

५. भाजीला साबण किंवा भांड्यांची पावडर कधीही लावू नका. पाने ती शोषून घेतात. मिठाच्या पाण्याने अळ्या आणि किडे पानांवरून सुटायला मदत होते, पण जंतू किंवा कृमींची अंडी त्याने मरतील असा भरवसा ठेवता येत नाही.

६. भाजी धुऊन मग चिरा, चिरून मग धुऊ नका. चिरलेली भाजी पाण्यात ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर वाहून जातात.

कितीही धुतले तरी सगळे जंतू जातातच असे नाही. ते मारण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे भाजी नीट शिजवणे. त्यामुळे पावसाळ्यात, तसेच घरात गर्भवती सून, लहान मूल, वृद्ध किंवा आजारातून उठलेले माणूस असेल तर त्यांच्यापुरती पालेभाजी शिजवूनच वाढावी. नवा स्पिनर घेतला म्हणून भर श्रावणात कच्च्या पानांची सॅलड करायला घेऊ नये.

निवड करताना

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे स्पिनर मिळतात. फरक असतो तो फिरवण्याच्या पद्धतीत.

*हँडलचा:* झाकणावरची मूठ हाताने गोल फिरवायची. रचना साधी, बिघाड कमी आणि वेग आपल्या हातात. मात्र एका हाताने झाकण घट्ट धरावे लागते. मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर हा प्रकार त्रासाचा ठरतो.

*दोरीचा:* दोरी ओढली की टोपली फिरते, सोडली की दोरी आत जाते. हाताने दोरी ओढून भाजी चिरायचे चॉपर आता पुष्कळ घरांत आहेत, हे तंत्र तेच. ताक घुसळताना रवीची दोरी ओढणाऱ्या आजीला हे शिकवावे लागणार नाही! वेग चांगला मिळतो, पण ओली दोरी आत जात असल्याने ती कळकट होते आणि कालांतराने तुटू शकते.

*दाबायचा:* झाकणाच्या मधोमध असलेला दट्ट्या तळहाताने खाली दाबला की टोपली फिरते. एका हाताने चालतो, मनगट पिळावे लागत नाही, म्हणून संधिवात असणाऱ्यांना आणि वयस्कर मंडळींना सोयीचा. थांबवण्यासाठी बहुधा वेगळे बटण असते. किंमत इतरांपेक्षा जास्त असू शकते, आणि झाकणातली यंत्रणा गुंतागुंतीची असल्याने ते सुटे करून धुता येते ना, हे दुकानातच पाहावे.

प्रकार ठरला की पुढच्या गोष्टी तपासा.

आकार: तिघाचौघांच्या घराला साधारण चार ते पाच लिटरचे भांडे पुरते. टोपली पूर्ण भरून चालत नाही, म्हणून फार लहान घेऊ नका. पण घेण्याआधी घरातल्या फळीची आणि फ्रीजच्या कप्प्याची उंची मोजून जा. जागा नसली की वस्तू माळ्यावर जाते, आणि माळ्यावर गेलेली वस्तू सहसा खाली येत नाही.

तळ: भांड्याच्या बुडाला रबराची कड असावी. नसेल तर फिरवताना भांडे गुळगुळीत ओट्यावर सरकत राहते.

टोपलीची भोके: फार मोठी नकोत. परदेशी भांडी लेट्यूसच्या मोठ्या पानांसाठी बनवलेली असतात. आपली कोथिंबीर आणि मेथी त्यांच्या भोकांतून बाहेर डोकावते आणि अडकून चुरडते.

प्लॅस्टिक: अन्नासाठी योग्य असल्याची पेला आणि काट्याची खूण पाहा. तळाच्या त्रिकोणातील 5 हा आकडा पॉलिप्रोपिलीन हे प्लॅस्टिक दाखवतो. बाहेरचे भांडे स्टीलचे असेल तर ते अधिक टिकते आणि एरवी पीठ भिजवायलाही उपयोगी पडते.

दुकानात झाकण लावून एकदा रिकामी टोपली फिरवून पाहा. ती डगमगत असेल किंवा खरखर आवाज येत असेल, तर दुसरा नग मागा.

वापरण्याची रीत

स्पिनर निकामी वाटतो तो बहुधा जास्त भरल्यामुळे. टोपली अर्धी, फार तर दोन तृतीयांश भरावी. पाने चारही बाजूंना सारखी पसरावीत. एकाच बाजूला गठ्ठा राहिला तर भांडे थरथरते, ड्रायरमध्ये एका बाजूला चादर गोळा झाल्यावर मशीन हादरते तसेच.

सुरुवात सावकाश करावी, मग वेग वाढवावा. वीस ते तीस सेकंद फिरवून थांबावे. खाली जमलेले पाणी ओतून टाकावे, नाहीतर ते पुन्हा पानांना लागते. पाने हाताने एकदा वरखाली करून पुन्हा तेवढेच फिरवावे. पुदिना, कोवळा पालक यांसारख्या नाजूक पानांना कमी वेग द्यावा, नाहीतर ती चुरगळून काळी पडतात. जमलेले पाणी साध्या पाण्याचेच असेल तर कुंडीतल्या तुळशीला घालता येते. मिठाचे पाणी मात्र झाडांना नको.

साठवायची असेल तर फिरवलेली पानेही दहा मिनिटे कापडावर मोकळी ठेवावीत. मग डब्याच्या तळाशी कोरडे सुती कापड घालून पाने दाबून न भरता सैल ठेवावीत, वरूनही एक कापड घालावे. कापड ओलसर लागले की बदलावे. फ्रीजचे तापमान 5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. अशी ठेवलेली कोथिंबीर ओल्या कोथिंबिरीपेक्षा कितीतरी जास्त दिवस ताजी राहते.

एक भांडे, अनेक कामे

रोज सॅलड खाणारी घरे आपल्याकडे कमीच. म्हणून स्पिनर केवळ सॅलडसाठी घेतला तर तो परवडणार नाही. पण इतर कामेही तो करतो. ठेपल्याची मेथी, वडीची कोथिंबीर, चटणीसाठी पुदिना, चिवड्यात तळायचा कढीपत्ता, किसलेला किंवा बारीक चिरलेला कोबी या सगळ्यांना तो चालतो. तळायच्या बटाट्याच्या काचऱ्या स्टार्च जाण्यासाठी धुतो, त्यांचे पाणी असे काढले तर तेल कमी उडते. गार करून धुतलेली मॅकरोनीही निथळते.

काही गोष्टी मात्र त्यात घालू नयेत. मोड आलेली कडधान्ये वेगाने फिरवली तर मोड तुटतात. द्राक्षे आणि टोमॅटो ठेचले जातात. अळूची मोठी पाने त्यात मावत नाहीत, वडीसाठी ती एकेक करून कापडाने पुसणेच बरे. गरम पदार्थ तर कधीच घालू नयेत. कच्चे मांस किंवा मासे धुतलेल्या भांड्यात कच्ची खायची पाने ठेवू नयेत, आणि हा नियम स्पिनरलाही लागू आहे.

स्वच्छता

'यात नुसते पाणीच तर असते' असे म्हणून पुष्कळ जणी स्पिनर विसळून तसाच झाकण लावून ठेवतात. चार दिवसांनी झाकणाच्या आत बुळबुळीत थर आणि काळे डाग दिसू लागतात. प्रत्येक वापरानंतर तिन्ही भाग साबणाने धुवावेत, टोपलीची भोके जुन्या मऊ ब्रशने घासावीत, झाकणातले पाणी झटकून ते उपडे ठेवावे आणि पूर्ण सुकल्यावरच भांडे बंद करावे. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतात.

सर्वांनीच घ्यावा का?

नाही. घरात दोनच माणसे असतील, पालेभाजी आठवड्यातून एकदा आणि तीही डाळ घालून शिजवलेली होत असेल, तर स्पिनरची गरज नाही. पालकाची पातळ भाजी, पालक पनीर किंवा आमटीत जाणाऱ्या पानांवर थोडे पाणी राहिले तर काही बिघडत नाही. त्यांच्यासाठी चाळणी पुरेशी आहे.

वडी-ठेपल्यापुरती कोरडी भाजी हवी असेल तर पंचाचा उपाय आजही कामाचा आहे. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती कापडावर पाने पसरावीत, कापडाची सैल गुंडाळी करावी आणि हलकेच दाबावी. किंवा चारही टोके एकत्र घट्ट धरून गाठोडे बाल्कनीत दहा-बारा वेळा गोल फिरवावे. कापड मात्र ओटा पुसायचे नको, भाजीसाठी वेगळेच ठेवावे.

पण मोठे कुटुंब असेल, सकाळच्या घाईत रोज दोन-तीन डबे भरायचे असतील, आठवड्याची भाजी एकदाच निवडून ठेवावी लागत असेल आणि दर बुधवारी कोथिंबीर कचऱ्यात जात असेल, तर हे भांडे उपयोगी आहे. घेण्याआधी महिनाभर एक साधी नोंद ठेवून पाहा: किती जुड्या आणल्या आणि किती नासून फेकल्या. फेकलेल्या जुड्यांचा हिशेब मांडला की स्पिनर घ्यावा की पंचावरच भागवावे, याचे उत्तर आपोआप मिळेल.

आणि घेतलाच, तर पहिल्या रविवारी कोथिंबीर वडीच करा. बेसन मोजून घाला आणि वरून एक चमचाही वाढवू नका. ताटातल्या वडीचा हिरवा रंगच सांगेल, कोथिंबीर या वेळी नीट निथळली होती!